उमेदवाराची माहिती शोधताय? वही काढा, पण जरा जपून

मागच्या अंकात निवडणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हटलं होतं. वाटलं होतं यादीत नाव कसं शोधायचं, नवीन नाव नोंदवायचा फॉर्म ६ कुठे भरायचा असलंच येईल. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेच एकाच गोष्टीभोवती फिरत होते, की नेटवर उमेदवारांबद्दल वाचतो खरं, पण ते लिहून ठेवल्याने काही फरक पडतो का. मला प्रश्न आवडला, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : दादा, इलेक्शन लागलं की रात्री पोरं झोपली की मी मोबाईल घेऊन बसते, एकेका उमेदवाराचं सगळं बघते, बातम्या, व्हिडिओ, फेसबुक. पण दुसऱ्या दिवशी बचत गटात कोणी विचारलं की अमक्याचं काय गं, तर मला एवढंच सांगता येतं की तो बरा वाटतो आणि तमका नको वाटतो. का, ते सांगता येत नाही. मुलगी म्हणते आई लिहून घेत जा. लिहून खरंच काही होतं का, की नुसता वेळ जातो?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, तुमचं डोकं अगदी नॉर्मल चाललंय, त्याची काळजी सोडा. मिल्टन लॉज म्हणून अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं. माणूस उमेदवाराबद्दल एकेक गोष्ट वाचतो तेव्हा मनातल्या मनात प्लस-मायनस करत जातो, टोटल लक्षात ठेवतो आणि ज्यावरून ती टोटल झाली ते विसरून जातो. तुमचं ‘बरा वाटतो’ म्हणजे ती टोटल. आता ती बरोबर असेलही, पण कशावरून झाली तेच हाताशी नसलं की सभेत कोणी जोरात बोललं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्लिप आली की लगेच हलते, आणि का हलली तेही आपल्याला कळत नाही.

लिहिण्याचे दोन फायदे तर जुनेच, १९७२ मध्ये डी व्हेस्टा आणि ग्रे या दोघांनी नोट्सवरच्या अभ्यासात ते वेगळे काढून दाखवले होते, एक म्हणजे लिहिता लिहिता डोक्यात बसतं आणि दुसरं म्हणजे नंतर उघडून बघता येतं. पण ते झालं वर्गात बसून लेक्चर ऐकणाऱ्या पोरांचं. मतदाराच्या बाबतीत मला यापेक्षा वेगळीच गोष्ट मोठी वाटते : वही समोर असली की तुम्ही नेटवर काय शोधता तेच बदलतं.

ते कसं ते सांगतो. रिचर्ड लाउ आणि डेव्हिड रेडलॉस्क या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटरवर एक खोटी निवडणूक उभी केली होती. स्क्रीनवर उमेदवारांबद्दलच्या ओळी वरून खाली सरकत राहतात, ज्या ओळीवर क्लिक कराल ती उघडते, आणि तुम्ही ती वाचत असता तोवर बाकीच्या निघून जातात. खऱ्या प्रचारासारखंच की! यातून त्यांना कोण काय उघडतो, कशानंतर काय उघडतो हे सगळं बघता आलं. शोधायच्या दोन मुख्य तऱ्हा असतात. एक, एकाच उमेदवाराचं सगळं वाचायचं, मग दुसऱ्याचं. दुसरी, एक मुद्दा धरायचा आणि त्या मुद्द्यावर सगळ्यांचं बघायचं. आता आपल्या मोबाईलवर सगळी मांडणी पहिल्या तऱ्हेची आहे, उमेदवाराचं पेज, त्याचंच चॅनल, त्याचेच रील्स, एक बघितलं की खाली त्याचंच दुसरं तयार. त्यामुळे रात्री अकरा वाजता झोप येईपर्यंत तुमचे एक किंवा दोन उमेदवार होतात आणि बाकीचे राहूनच जातात. बाजारात भरताची वांगी घेताना आपण एकाच गाड्यासमोर अर्धा तास उभं राहून त्याचीच सगळी टोपली उपसतो का? चार गाड्यांवर भाव विचारतो, मग घेतो. इथे मात्र पहिल्याच गाड्यावर संध्याकाळ जाते.

म्हणून वहीत नुसतं खाली खाली लिहीत जाऊ नका, पान आडवं धरा, वर उमेदवारांची नावं, डाव्या बाजूला मुद्दे, आणि रेघा मारून घरं पाडा. एवढं केलं की बघा काय होतं, एका उमेदवाराचं कर्ज लिहिलं की शेजारचं घर रिकामं दिसतं आणि तुम्ही आपोआप ते शोधायला जाता, नाहीतर त्या उमेदवाराचं शपथपत्र तुम्ही कधी उघडलंच नसतं. वाचायचा स्पीड कमी होतो हे खरंय, रात्रीतून पंधरा पानं बघत होता तिथे चार होतील. होऊ द्या.

आणि सुरुवात शपथपत्रापासून करा, बातम्यांपासून नको. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हापासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे लिहून द्यावं लागतं, विधानसभा-लोकसभेला तो फॉर्म २६ असतो. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅफिडेव्हिट पोर्टलवर मिळतो, आणि एडीआर म्हणजे असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या मायनेता साइटवर त्याचाच सारांश असतो. बऱ्याचदा ती स्कॅन केलेली पीडीएफ असते, दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागते, कॉपी-पेस्ट होत नाही. वैताग येतो पण त्यामुळेच लिहावं लागतं.

गुन्ह्यांच्या घरात नुसता आकडा लिहू नका. ‘केसेस ७’ लिहिलं आणि शेजारी ‘केसेस १’, की डोकं लगेच निकाल देऊन मोकळं होतं. त्या सातमध्ये रास्ता रोको, जमावबंदी मोडली असलं असू शकतं आणि त्या एकात फसवणूक असू शकते. कलम लिहा आणि कोर्टाने आरोप निश्चित केलेत का तेही लिहा, फॉर्ममध्ये त्याचा रकानाच आहे. अजून एक गंमत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे नंबर बदलले, फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८ मध्ये आहे, सरकारी कर्मचाऱ्याला अडवून मारहाणीचं ३५३ आता १३२. आधीच्या केसेस जुन्याच कलमांनी चालतात, म्हणजे एकाच शपथपत्रात दोन्ही नंबर दिसू शकतात, गोंधळू नका. आणि ज्याच्यावर केसेस आहेत त्याला तिकीट का दिलं हे पक्षाने जाहीर करायचं असतं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय, ‘निवडून येऊ शकतो’ एवढं कारण चालत नाही असंही सांगितलंय. पक्षाने काय कारण दिलं ते एका ओळीत वहीत उतरवा, मी खात्रीने सांगतो, ते वाचून करमणूक होते.

मालमत्तेचंही तसंच. टोटल करोडोंची दिसते आणि आपण डोळे मोठे करतो, पण वडिलोपार्जित शेतीची आजची बाजारभावाची किंमतही त्यात धरलेली असते. म्हणून ‘वारसा’ की ‘स्वतः घेतलेली’ एवढं एका शब्दात, शेजारी कर्ज, आणि खाली मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधलं उत्पन्न. तोच माणूस आधीही उभा होता तर त्याचं २०१९ चं शपथपत्रही काढा, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप सुचतात.

प्रश्न : सर मी जळगावला सेकंड इयरला आहे, पहिलंच मतदान. मी लिहीत वगैरे बसत नाही, स्क्रीनशॉट काढतो, फोल्डर पण केलाय. तेच नोट्स झाले ना? आणि लिहायचंच असेल तर हाताने का, टाइप केलं तर नाही चालत का?
— एक विद्यार्थी

उत्तर : फोल्डर केलायस हे चांगलंय, पण एक सांग, त्यातला कुठला स्क्रीनशॉट तू परत उघडून बघितलास? लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये म्युझियममध्ये प्रयोग केला होता, लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही नुसत्या बघायला. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. पण ज्यांनी झूम करून वस्तूचा एक भाग टिपला त्यांना तेवढा तोटा झाला नाही. त्याआधी २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की टाइप केलेलं कॉम्प्युटरमध्ये सेव्ह राहणार आहे असं वाटलं की माणूस ते लक्षात ठेवायचे कष्ट घेत नाही. तुझा फोल्डर नेमकं हेच करतोय, ‘आहे ना माझ्याकडे’ असं वाटतं आणि विषय संपतो.

स्क्रीनशॉट काढ, नको म्हणत नाही, पुरावा म्हणून उलट चांगलाच, कारण पोस्ट नंतर डिलीट होतात. फक्त क्रॉप करून कामाची ओळच ठेव, वरती साइटचं नाव आणि तारीख दिसू दे, आणि खाली एक वाक्य स्वतःच्या शब्दात लिही की यावरून मला काय कळलं. वाक्य सुचलंच नाही तर तो स्क्रीनशॉट कामाचा नव्हता, उडवून टाक.

हात की कीपॅड यावर फार डोकं नको लावूस. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहायमर यांचा पेपर गाजला, लॅपटॉपवाले शब्दशः उतरवत जातात आणि त्यांना समज कमी राहते असा. पण २०२१ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा लॅपटॉपवाले जास्त शब्दशः लिहितात हे दिसलं, परीक्षेत मात्र तसा फरक निघाला नाही. तुझ्या कामापुरतं सांगायचं तर कॉपी-पेस्ट करू नको, बाकी वही घे नाहीतर मोबाईलचं नोट्स अ‍ॅप.

प्रश्न : आमच्याकडे केळीचं आहे. पीकविम्याचं कोणी काय केलं, वादळात बागा आडव्या झाल्या तेव्हा कोण आलं, हेच आम्हाला बघायचंय. पण नेटवर बघायला जावं तर उमेदवाराची संपत्ती किती, शिक्षण किती, हेच निघतं. मग वहीत काय कप्पाळ लिहायचं?
— एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही दुखण्यावरच बोट ठेवलं. नोट्स काढण्याची हीच खोड आहे, जे लिहायला सोपं तेच लिहिलं जातं. आकडा सोपा, डिग्री सोपी. बाग आडवी झाल्यावर कोण बांधावर आलं याचा रकाना कुठल्याच साइटवर नाही, आणि रकाना नाही म्हणून तो मुद्दा डोक्यातूनही हळूहळू बाजूला पडतो, मग शेवटी आपण ‘कोणाची गाडी किती लाखाची’ यावर चर्चा करत बसतो. म्हणून मोबाईल हातात घ्यायच्या आधी, परत सांगतो, आधी, डाव्या बाजूचे तुमचे मुद्दे लिहून काढा. विमा, वादळाची भरपाई, वीज, रस्ता, जे काय असेल ते, तुमच्याच शब्दात. मग शोधा.

विम्याचं शोधताना एक लक्षात ठेवा, केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, त्यात तुमच्या शेतातलं नुकसान मोजण्यापेक्षा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद, म्हणजे तापमान, वारा, ते मुख्य धरलं जातं. त्यामुळे ‘विमा मिळवून दिला’ असं कोणी पोस्टवर म्हटलं की त्याच घरात लिहा, नेमकं काय केलं? केंद्र बसवायला लावलं, निकष बदलून घ्यायला पत्र दिलं, की निकषात बसलं म्हणून पैसे येणारच होते आणि याने फक्त फोटो काढला?

खासदाराने काय विचारलं ते संसदेच्या साइटवर सापडतं, सदस्याचं नाव टाकून प्रश्न शोधता येतात. पण इथेही बिनविचाराने शून्य लिहू नका. रावेरच्या खासदार रक्षा खडसे जून २०२४ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. वहीत नुसतं ‘प्रश्न ०’ लिहिलं तर ते खरं असूनही दिशाभूल करणारं. तिथे वेगळं बघावं लागेल. आणि हो, तुमच्या लोकसभा मतदारसंघात चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर यांच्यासोबत बुलडाणा जिल्ह्यातलं मलकापूरही येतं, म्हणून नुसतं ‘जळगाव जिल्हा’ असं टाकून शोधलं तर अर्धवटच हाती लागतं.

इतकं करूनही काही घरं रिकामी राहतीलच. ती खोडू नका. गावात सभा होईल तेव्हा वही घेऊन जा आणि ती रिकामी घरंच विचारा, माणूस समोर असताना नेट लागत नाही.

प्रश्न : मिस्टरांनी मागच्या वेळी वही केली होती. मी उघडून पाहिली तर त्यांच्या पक्षाच्या उमेदवाराला दोन पानं, सगळं गोड गोड, आणि बाकीच्यांना दोन दोन ओळी, त्याही सगळ्या वाईट. आणि चारचौघात सांगतात की मी अभ्यास करून मत देतो! बोललं की म्हणतात तुला राजकारणातलं काय समजतं. आता काय सांगावं या माणसाला?
— नाव नको, धुळे

उत्तर : वहिनी, दादांना काही सांगू नका, वही परत उघडून त्यांच्या हातात द्या.

पण खरंच, ही अडचण फक्त तुमच्या घरची नाही. रेडलॉस्क यांनीच २००२ मध्ये बघितलं होतं की आवडत्या उमेदवाराबद्दल वाईट काही समोर आलं की लोक ते वाचायला जास्त वेळ घेतात, आणि विचार बदलायचा सोडून कधी कधी त्यालाच आणखी घट्ट धरतात. त्यांच्याच २०१० च्या अभ्यासात मात्र असंही दिसलं की वाईट माहिती बरीच साचली की एका टप्प्यावर माणूस डळमळतो आणि पुन्हा विचार करायला लागतो. आता गंमत बघा, ती साचायची असेल तर कुठेतरी नोंद व्हायला हवी, आणि दादांच्या वहीत ती नोंदच होत नाही. आधी मनाने ठरवायचं, मग त्याच्या बाजूचं तेवढं उतरवायचं, आणि वही जाड झाली की आपल्याला वाटतं आपण फार खोलात गेलो. अशा वहीपेक्षा कोरी वही बरी, निदान खोटा आत्मविश्वास तरी देत नाही.

उपाय म्हणाल तर रेघा मारलेलं पान हाच, कारण घर तेवढंच असतं, कितीही प्रेम असलं तरी त्यात दोन पानं मावत नाहीत. आणि सुरुवात नावडत्या उमेदवारापासून करायला लावा, डोकं ताजं असताना त्याचं वाचून होईल. जमलं तर एका रात्री तुम्ही त्यांच्या उमेदवाराचं घर भरा आणि त्यांनी तुमच्या. भांडण झालं तर आमच्यावर ढकला.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं ते वहीत घ्यावं का? आमच्या ग्रुपवर दिवसाला ढीगभर येतं, कुठलं खरं कुठलं खोटं समजत नाही भो.
— साक्री तालुका

उत्तर : घ्या, पण वेगळ्या पानावर, डोक्यावर ‘खात्री बाकी’ लिहून. आणि पूर्ण मेसेज नका उतरवू, दावा काय आहे तेवढंच एका ओळीत. मेसेज वाचत बसलं की त्यातले लाल बाण आणि उद्गारचिन्हंच डोक्यात राहतात, दावा एका ओळीत लिहायला गेलं की कित्येकदा कळतं की यात दावाच नाही, नुसती चीड आहे.

मग मेसेज बंद करून बाहेर शोधा. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे पीएचडीवाले, विद्यार्थी आणि पेशाने फॅक्ट-चेक करणारे यांना अनोळखी साइट्स दाखवून पाहिलं होतं. शिकलेसवरलेले बरेच जण त्याच पानावर वरखाली करत राहिले, छान दिसतंय, लोगो आहे, म्हणजे खरं असेल असं धरून. फॅक्ट-चेकवाले पान सोडून लगेच दुसऱ्या टॅबमध्ये गेले, की हे म्हणणारा आहे तरी कोण. तुम्हीही तेच करा, आणि वहीत दाव्याशेजारी कुठे पडताळलं ते लिहा. नाहीच सापडलं तर त्या पानावरून तो मुख्य पानावर येऊ द्यायचा नाही, कितीही पटला तरी.

प्रश्न : विधानसभेला केलेली वही जिल्हा परिषदेला चालेल का?
— शहादा

उत्तर : मुद्दे चालतील, बाकी नाही. झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत हे सगळं राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, तो भारत निवडणूक आयोगापेक्षा वेगळा. शपथपत्रंही तिकडे वेगळी भरतात, त्यामुळे वर सांगितलेल्या पोर्टलवर शोधत बसू नका. यादी विधानसभेच्याच यादीवरून तयार होते पण गट-गणाप्रमाणे फोडलेली असते, म्हणून केंद्र आणि अनुक्रमांक बदलू शकतो, जुना नंबर धरून जाऊ नका.

प्रश्न : वही मतदान केंद्रात नेली तर हरकत घेतात का?
— भुसावळ

उत्तर : कशाला न्यायची? केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही, उमेदवारांची नावं आणि शेरे लिहिलेली वही हातात बघून कोणी वाद काढला तर तुमचाच वेळ जाईल. मोबाईलही आत चालत नाही, त्यामुळे नोट्स अ‍ॅपवाल्यांनीही घरूनच ठरवून निघायचं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच, उमेदवाराचं पूर्ण नाव, चिन्ह आणि मशीनवरचा अनुक्रमांक. एकसारख्या नावांचे उमेदवार उभे करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, म्हणून नुसतं आडनाव धरून बटण शोधू नका. मशीनवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार असतात, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि त्या त्या गटात नावाच्या अक्षरांप्रमाणे, शेवटी नोटा. २०१५ पासून फोटोही असतो, आणि बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मशीनला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघून मगच बाहेर या.

वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा एपिक नंबर म्हणजे मतदार कार्डावरचा नंबर, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचं नाव मात्र लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांचं. आयोगाच्या व्होटर पोर्टलवर मिळतं, नाहीतर १९५० ला फोन करा. आणि घरी वाटलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, २०१९ पासून ते बंद झालंय, तेव्हा कार्ड किंवा आधारसारखं मान्य असलेलं दुसरं कागदपत्र खिशात असू द्या.